लॅमिंग्टन रोडच्या काकांना, त्या कापलेल्या तीन केबलींबद्दल

काका, स. न. वि. वि.

त्या दिवशी दुकानात गर्दी होती, त्यामुळे नीट आभार मानायचे राहून गेले. शिवाय "मुलांच्या रोबोला एवढे टॅब कशाला?" या तुमच्या प्रश्नाचं उत्तरही अर्धवट दिलं गेलं. आधी तेच सांगतो.

एफआरसी म्हणजे शाळकरी मुलांनी बनवलेल्या रोबोंची स्पर्धा. तिच्या सामन्यात तीन विरुद्ध तीन असे सहा रोबो एकदम मैदानात उतरतात. साथीदार दर सामन्याला बदलतात आणि ते आयोजक ठरवतात. शेवटच्या फेरीआधी मात्र आठ आघाड्यांच्या कप्तानांना आपले साथीदार स्वतः निवडायचे असतात, आणि तेव्हा "तो निळा रोबो बरा वाटला होता" असल्या आठवणीवर भागत नाही. म्हणून प्रेक्षकांत सहा मुलं बसतात, एकेकाने एकाच रोबोवर नजर ठेवायची, तो काय करतो ते टॅबवर नोंदवायचं, दुसरीकडे बघायचं नाही. सहा टॅब आणि दोन राखीव, असे आठ. तीन टॅबच्या पाठीवर लाल चिकटपट्टी, तीनच्या निळी, वर 1, 2, 3. रोबोंचे बंपरही लाल-निळेच असतात, त्यामुळे धावत आलेल्या पोराला आपला टॅब कोणता हे विचारावं लागत नाही.

स्पर्धेच्या जागी स्वतःचं वायफाय लावायला मनाई असते. म्हणून सामना संपला की टॅबवर क्यूआर कोड उमटतो आणि लॅपटॉपला जोडलेला स्कॅनर तो वाचतो. लॅपटॉपला हा स्कॅनर म्हणजे कीबोर्डच वाटतो. दोन आकड्यांमध्ये कीबोर्डवरच्या 'टॅब' बटणाची खूण आली की पुढचा रकाना, शेवटी एंटर आला की पुढची ओळ. कर्सर भलत्याच खिडकीत राहिला तर अख्खा सामना तिथे सांडतो, आणि कॅप्स लॉक चालू असेल तर अक्षरं उलटीपालटी होतात. कोडमध्ये दोन-अडीचशे अक्षरांहून जास्त कोंबलं की ठिपके इतके बारीक होतात की स्कॅनर नुसता लुकलुकत राहतो.

आणि इथेच आधी एका दुकानाने टोपी घातली होती. "सगळे कोड वाचतो" म्हणून दिलेला स्कॅनर एका लाल रेघेचा, लेसरचा निघाला. तो किराणा मालावरचे उभ्या पट्ट्यांचे कोड वाचतो, क्यूआर त्याच्या बापालाही वाचता येणार नाही. परत घेऊन गेल्यावर आधी "विकलेला माल परत घेणार नाही" ही पाटी दाखवली, मग पाठ.

तुम्ही मात्र कॅमेऱ्याचा स्कॅनर दिलात आणि टॅबच्या काचेवरचा कोड समोर वाचून दाखवलात. जुने टॅब काउंटरच्या काचेवर पाठीवर ठेवून भोवऱ्यासारखे फिरवलेत. जो गरगर फिरला त्याची बॅटरी फुगून पाठ गोल झालेली, म्हणून तो बाजूला. असे दोन गेले. पॉवर बँक 20,000 एमएएचचीच घ्या, म्हणजे 74 वॉट-अवर भरते आणि विमानाच्या 100च्या मर्यादेत बसते, पण ती केबिनमध्येच न्या, हेही न विचारता सांगितलंत.

पण लक्षात राहिल्या त्या केबली. बारा मागितल्या होत्या. तुम्ही एकेक लॅपटॉपला लावून मोठी फाईल टाकलीत, आणि फाईल जात असताना केबल मानेपाशी वाकवलीत. दोन केबलींवर टॅब चार्ज होत होता, पण लॅपटॉपला दिसतच नव्हता. तिसरीवर वाकवताक्षणी फाईल तुटली. त्या तिन्ही ढिगात परत टाकल्या असत्या तरी आम्हाला काही फरक पडला नसता. तुम्ही कात्री घेतलीत आणि तिन्ही मधोमध कापल्यात. "नाहीतर संध्याकाळी पोऱ्या दुसऱ्याला विकेल," एवढंच म्हणालात. पहिल्या दोघींची कापलेली टोकं पुढे केलीत: आत फक्त लाल आणि काळी तार. डेटा नेणाऱ्या पांढऱ्या आणि हिरव्या तारा मुळात घातलेल्याच नव्हत्या. असली केबल पोरांच्या हाती पडली की ती तासभर अ‍ॅपला आणि ड्रायव्हरला शिव्या देत बसतात.

समोर नसलेल्या, कधी भेटणारही नसलेल्या गिऱ्हाईकासाठी स्वतःचा माल कापणारा माणूस या रस्त्यावर आहे, हे कळल्यावर बाकीच्या दुकानांवरचा रागसुद्धा थोडा उतरला. थोडाच.

लाल-काळ्या तारेचा एक तुकडा आता सामानाच्या पेटीत झाकणाला आतून चिकटवलाय. नवीन मुलांना आधी तो दाखवतो, मग टॅब हातात देतो.

शनिवारी येतोय. या वेळी टाइप-सीच्या चार हव्यात, आखूड, फूटभराच्या. कात्री जवळ ठेवा.

आपले,
आठ टॅबवाले