एथिक्स कमिटीतल्या बाईंना पत्र

आदरणीय बाई,
सादर नमस्कार.

प्रबंध जमा झाला. ऋणनिर्देशात मार्गदर्शक, विभागप्रमुख, ग्रंथालय, घरचे असे सगळे आले आणि तुमच्या वाट्याला ‘संस्थेच्या नैतिकता समितीचे आभार’ एवढी एक ओळ आली. समितीतलं बोलणं बाहेर काढू नये हा संकेत मलाही मान्य आहे. पण सादरीकरणाच्या वेळी तुम्ही मला समोरासमोर जे विचारलं, ते माझंही आहे. म्हणून नाव न घेता, पण उघडपणे लिहितेय.

इतर वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. माणसांवरचं संशोधन सुरू व्हायच्या आधी ते नैतिकदृष्ट्या योग्य आहे का हे तपासून परवानगी देते, ती ही एथिक्स कमिटी, म्हणजेच नैतिकता समिती. माझा विषय होता बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायका आणि त्यांची कमी वयात झालेली गर्भपिशवी काढण्याची ऑपरेशनं. २०१९ मध्ये या गोष्टीचा बोभाटा झाल्यावर राज्य सरकारनं समिती नेमली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यांत १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. आकडा सगळ्यांनी छापला. निर्णय घरात कुणी घेतला, पैसा कुठून आला, नंतर मोळ्या उचलणं कसं झेपलं, हे मला त्यांच्याच तोंडून ऐकायचं होतं.

नुसत्या मुलाखतींना एथिक्स कमिटी कशाला, असं मला विभागात बऱ्याच जणांनी ऐकवलं. माणसांवरचं संशोधन म्हणजे गोळ्या-इंजेक्शनांची चाचणी, ही समजूत आपल्याकडं घट्ट आहे. खरं तर मुंबईच्या ‘सेहत’ संस्थेच्या पुढाकारानं आरोग्याच्या सामाजिक संशोधनासाठी नैतिक मार्गदर्शक तत्त्वं २००० सालीच तयार झाली होती, आणि आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या तत्त्वांमध्येही या प्रकारच्या संशोधनाला स्वतंत्र जागा आहे. त्याच तत्त्वांनुसार समितीचा अध्यक्ष संस्थेबाहेरचा असावा लागतो; डॉक्टरांबरोबर कायदा जाणणारा, सामाजिक शास्त्रांचा अभ्यासक आणि एक सामान्य नागरिकही लागतो. त्या शेवटच्या खुर्चीवर तुम्ही होतात, जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या निवृत्त शिक्षिका. (त्या खुर्चीवरची माणसं चहा-बिस्किटं झाली की मान डोलावतात, असं मला आधीच कुणीतरी सांगून ठेवलं होतं.)

माझ्या प्रस्तावात एक वाक्य होतं, ‘कारखान्याच्या तळावर मुलाखती घेण्यासाठी टोळीच्या मुकादमाची परवानगी घेतली जाईल.’ परवानगीपत्राचा नमुनाही जोडला होता. सगळ्यांनी पान उलटलं. तुम्ही चष्मा पुसत विचारलंत, “मुकादम हो म्हणाला, तर बाई नाही म्हणू शकेल का?”

मुकादम म्हणजे ऊसतोडीला मजूर नेणारा ठेकेदार. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. हंगामाआधी मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घ्यायची, ती ऊस तोडून फेडायची, एक दिवस कामावर नाही गेलं तर खाडा पडतो, म्हणजे पैसे कापले जातात. फिटली नाही तर बाकी पुढच्या वर्षी. त्या मुकादमानं ‘मॅडम आल्यात, बोला त्यांच्याशी’ म्हटल्यावर तळावरच्या कोपीतली, म्हणजे झोपडीतली, बाई माझ्या माहितीपत्रकावरचं ‘सहभाग पूर्णपणे ऐच्छिक आहे’ हे वाक्य ऐकून काय करणार होती? दिवाळीनंतर पोरं आईबापांबरोबर ऊसतोडीला जायची आणि तुमचा अर्धा वर्ग रिकामा व्हायचा, म्हणून तुम्हाला ते एका वाक्यात दिसलं.

पुढं मी खम्ममची कागदपत्रं वाचली. २००९ मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम जिल्ह्यात शाळकरी मुलींना एचपीव्ही, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला कारण ठरणाऱ्या विषाणूवरची, लस देण्याचा प्रकल्प झाला. त्यात वसतिगृहांत राहणाऱ्या कितीतरी आदिवासी मुलींच्या संमतीपत्रांवर आईवडिलांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या होत्या. एप्रिल २०१० मध्ये प्रकल्प थांबवावा लागला, २०१३ मध्ये संसदेच्या स्थायी समितीनं त्यावर कडक ताशेरे ओढले. तिथंही मुलींच्या वतीनं हो म्हणणारा माणूस होता आणि त्याच्या सहीमुळं फाईल पूर्ण दिसत होती.

तर, मुलाखती तळावरून गावात आल्या. पट्टा पडून, म्हणजे हंगाम संपून, टोळ्या परतल्यावर, आणि पुढच्या हंगामाच्या उचलीची बोलणी सुरू व्हायच्या आत. माझं वेळापत्रक कोलमडलं, मार्गदर्शक वैतागले, फेलोशिपची मुदत डोक्यावर बसली. त्या दिवसांत तुमच्याविषयी मी घरी काय बोलले ते इथं लिहीत नाही.

संमतीपत्रावरच्या अंगठ्यावरूनही सभेत बराच वेळ गेला. वकील सदस्यांना कागदावर काहीतरी हवंच होतं, आणि त्यांची बाजू चूक नव्हती. सही किंवा अंगठा नसेल तर उद्या संशोधकही अडचणीत येतो. तुमचं म्हणणं असं की या बायकांच्या घरात अंगठा उमटतो तो उचलीच्या कागदावर, त्यामुळं अंगठा मागितला की त्या घाबरणार किंवा निमूट लावून मोकळ्या होणार. शेवटी समितीनं तोंडी संमतीला मान्यता दिली: माहिती वाचून दाखवायची, माझ्याशी किंवा मुकादमाशी संबंध नसलेली, वाचता येणारी एक साक्षीदार बाई शेजारी हवी, आणि मधेच थांबता येतं हे कागदावर न ठेवता तोंडानं, सुरुवातीलाच सांगायचं.

वयाचा मुद्दा आला तेव्हा सभा पहिल्यांदा हसली. अठरा वर्षांखालच्या विवाहितेसाठी संमती कुणाची, नवऱ्याची की आईबापाची, यावर काथ्याकूट चालला होता. मी म्हटलं, शाळेचा दाखला बघून वय ठरवीन. तुम्ही म्हणालात, “दाखल्यावर एक जून असेल. ती तारीख आम्हीच टाकलेली असते.” मग वयाबद्दल जराही शंका असेल तर मुलाखतच नको, असं ठरलं.

नावं बदलली की ओळख लपली, हे तुम्ही मानलं नाहीत. ‘तीन मुली, एक मुलगा, नवरा टायरगाडीवर, ऑपरेशन पंचविसाव्या वर्षी’ एवढं छापलं की गावातलं शेंबडं पोरही ती कोण ते सांगेल, असं तुम्ही म्हणालात. त्यामुळं प्रबंधात एकाच बाईची सलग कहाणी कुठंही नाही. वाचायला ते जरा तुटक वाटतं, परीक्षकांनीही तसं म्हटलं.

तुमचा शेवटचा प्रश्न मला सगळ्यात जड गेला. “ऐकून झाल्यावर तिला काय देणार?” शेजारच्या उस्मानाबादचा, आताच्या धाराशिवचा, दाखला डॉक्टर सदस्यांपैकी एकानं दिला. १९९९ मध्ये तिथं गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या तपासणीचा मोठा अभ्यास सुरू झाला, गावांच्या ५२ समूहांत मिळून १,३१,७४६ बायका होत्या. २००९ मध्ये निष्कर्ष आले: एचपीव्ही चाचणी झालेल्या गटात या कॅन्सरनं ३४ मृत्यू, ज्या गटाला तपासणी दिली नव्हती त्यात ६४. एकाच चाचणीनं जीव वाचतात हे जगाला त्यातून कळलं. तपासणीविना ठेवलेल्या बायकांचं काय, हा वाद मात्र अजून मिटलेला नाही. माझा अभ्यास त्याच्यापुढं किरकोळ. तरी कमी वयात अंडाशयही काढलेल्या, कंबर आणि सांधे धरलेल्या बायका मला भेटणार होत्याच. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांशी आणि नर्सबाईंशी आधी बोलून ठेवलं, ते तुमच्या प्रश्नामुळं. त्यातल्या काही जणी तिथं गेल्या आणि अजूनही जातात.

आणि गावात मला नकार मिळाले, बाई. एक जण चुलीपुढून उठलीही नाही. भाकरी थापता थापता म्हणाली, “मला न्हाई बोलायचं त्या इषयावर. चा घ्या अन् जा.” चहा घेतला आणि निघाले. दुसरीनं अर्धं बोलून मोबाईलकडं बोट दाखवलं आणि ते पुसून टाक म्हणाली, तिच्यासमोरच पुसलं. ज्या बोलल्या त्या पोटातून बोलल्या. सासू बाहेर गेल्यावर, आवाज न चोरता, मधूनच माझीच उलटतपासणी घेत. तळावर, मुकादमाची मोटरसायकल समोर उभी असताना, मला सगळ्यांचे होकार मिळाले असते आणि प्रबंध वर्षभर आधी झाला असता.

एका बाबतीत मी अजून तुमच्या विरुद्ध आहे. बुडालेल्या मजुरीचे पैसे देऊ नयेत, पैशाचा वास लागला की गावभर बोभाटा होतो, असं तुमचं मत होतं. समितीनं माझं ऐकलं, आणि कामाच्या दिवसात अर्धा दिवस माझ्यापाशी बसलेल्या बाईला तिची मजुरी देण्यात मला आजही काही वावगं वाटत नाही. प्रबंधाची प्रत वेगळी पाठवतेय. पाचव्या प्रकरणात याबद्दल सविस्तर लिहिलंय. वाचून भांडायला फोन करा, मी वाट बघतेय.

आपली,
प्रबंध उशिरा पूर्ण केलेली एक संशोधक विद्यार्थिनी