लग्न किहीमला, कोंडी चोंढीला

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

अलिबाग तालुक्यात समुद्रकाठी होणाऱ्या लग्नांवर आपल्या दैनिकाच्या पुरवणीत अधूनमधून सचित्र मजकूर येतो. मांडव, फुलं, जेवणावळ, मावळतीचे फोटो, सगळं त्यात असतं. पण त्या लग्नाची दोन-अडीचशे माणसं किहीम, आवास, सासवणे किंवा नागावपर्यंत आली कशी आणि गेली कशी, याबद्दल अवाक्षर नसतं. मी एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालो आणि चोंढीला राहतो. गणपतीच्या जादा गाड्या आणि आषाढीची वाहतूक लावण्यात नोकरी गेली. त्यामुळे मांडवाआधी माझं लक्ष रस्त्याकडे जातं, आणि नोव्हेंबर ते मे या रस्त्याचे जे हाल होतात ते आता बघवत नाहीत.

गेल्या फेब्रुवारीत बारावीची परीक्षा चालू होती. शनिवार होता. सासवण्याकडून आलेली एसटी चोंढीच्या नाक्याअलीकडे अडकली. किहीमच्या वळणावर लग्नाच्या पाहुण्यांच्या गाड्या दोन्ही बाजूंनी तोंडाला तोंड लावून उभ्या होत्या, कोणालाच मागे घेता येईना. एसटीत परीक्षेची मुलं होती, हातात हॉलतिकीट आणि पेनांची पारदर्शक पिशवी. पेपर अकराचा. वाहकाने शेवटी दार उघडून दिलं. मुलं उतरली, गाड्यांच्या मधून वाट काढत कोंडीच्या पलीकडे गेली आणि मिळेल त्या मिनीडोरमध्ये, म्हणजे सहा आसनी रिक्षेत, कोंबून बसली. एका मुलीच्या चपलेचा पट्टा तुटला होता. दोन्ही चपला हातात घेऊन ती डांबरावरून अनवाणी पळत होती. तिला पेपर वेळेत मिळाला, हे दुपारी तिच्या आईकडून कळलं तेव्हा मी पाणी प्यायलो.

त्या पाहुण्यांना दोष देऊन काय उपयोग? यजमानांनी त्यांना मोबाइलवर ठिकाणाची खूण पाठवली होती आणि ते आपापली गाडी काढून निघाले होते. दुसरा काही मार्ग त्यांना कोणी सांगितलाच नव्हता. लग्नघर मेंदीवाली सहा महिने आधी ठरवतं. वाहतुकीचा विचार मात्र शेवटच्या आठवड्यात होतो, आणि तोही नवरा-नवरीच्या गाडीपुरता.

हिशेब साधा आहे. दोनशे पाहुणे, एका गाडीत सरासरी अडीच माणसं धरा, ऐंशी गाड्या झाल्या. एका गाडीला उभं राहायला मागची-पुढची जागा धरून सहा मीटर लागतात. म्हणजे ऐंशी गाड्यांची एकेरी रांग जवळजवळ अर्धा किलोमीटर भरते. किहीमच्या किंवा आवासच्या वाडीतल्या गल्ल्या बघा. दोन्ही बाजूंनी गडगे, म्हणजे दगडी कुंपणं, आत नारळ-सुपारी, मधून एक गाडी जेमतेम जाते. तिथे अर्धा किलोमीटर गाड्या ठेवायच्या कुठे? तेच दोनशे पाहुणे एसटीच्या चव्वेचाळीस आसनी पाच गाड्यांत बसतात.

मुंबईकरांना अलिबाग जवळ वाटतं, आणि अंतराने ते जवळच आहे. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाल्यापासून शिवडीहून चिर्ल्याला चहा निवायच्या आत पोचता येतं. पण तिथून पुढे पेण आणि वडखळ चुकत नाही. मुंबई-गोवा महामार्गाच्या रुंदीकरणाचं काम २०११ पासून आपण सगळे बघतो आहोत. वडखळला अलिबागकडे वळलं की डोलवी-धरमतरकडची अवजड वाहनं, मग पोयनाड, पेझारी, तीनविरा आणि शेवटी कार्लेखिंड. शनिवारी सकाळी नऊनंतर या पट्ट्यात शिरलेल्या माणसाने मुहूर्ताची खात्री देऊ नये. रविवारी दुपारी चार ते रात्री नऊ उलट दिशेला तीच गत. डिसेंबरचा शेवटचा आठवडा आणि २६ जानेवारीला जोडून येणाऱ्या सुट्ट्या यांबद्दल तर बोलायलाच नको. तारीख ठरवताना गुरुजींइतकाच आमच्यासारख्या रस्त्याच्या माणसांचाही सल्ला घ्यावा, असं माझं प्रामाणिक मत आहे. लग्न बुधवारी किंवा गुरुवारी ठेवलं तर निम्मा प्रश्न तिथेच संपतो. हॉलचं भाडंही बहुधा कमी पडतं.

माझ्या मावसभावाच्या नातीचं लग्न किहीमला झालं, तेव्हा वाहतूक मी माझ्याकडे मागून घेतली. डोंबिवलीचं घर, पाहुणे पार चर्चगेटपासून पुण्यापर्यंतचे. पहिलं काम केलं ते यादीचं. कोण कुठून निघणार, किती वाजता, सोबत म्हातारं माणूस किंवा तान्हं मूल आहे का, सामान किती, आणि परत कधी जाणार. शेवटचा प्रश्न कोणी विचारत नाही, आणि सगळा घोळ तिथेच होतो. येताना माणसं दिवसभरात थोडीथोडी येतात. जाताना जेवण उरकलं की अर्ध्या तासात सगळ्यांना एकदम निघायचं असतं.

दक्षिण मुंबई आणि पश्चिम उपनगरातल्या मंडळींना गाडी घरी ठेवायला सांगितलं. गेटवेवरून अलिबागकडच्या मांडवा धक्क्याला लाँचने यायचं, तिकिटातच मांडवा ते अलिबाग बसचं भाडं धरलेलं असतं. आमचे पाहुणे जास्त असल्यामुळे आम्ही धक्क्यावर आमचीच गाडी उभी ठेवली. गेटवेच्या पायऱ्या ओहोटीला निसरड्या असतात, आणि लाँच हलत असताना पाय टाकावा लागतो. नऊवारी नेसलेल्या आजीला तिथून चढवायचं म्हणजे दोन तरणी मुलं दोन्ही बाजूंना लागतात. म्हणून ज्येष्ठांना आणि ज्यांना गाडी आणणं भागच होतं त्यांना भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने आणलं. मार्च २०२० पासून ही बोट चालू आहे, गाडीसकट माणूस तासाभरात मांडव्याला उतरतो आणि चाकाची खुर्चीही थेट आत जाते. पावसाळ्यात गेटवेच्या लाँच बंद असतात हे बाहेरगावच्या पाहुण्यांना माहीत नसतं. जूनमधल्या लग्नाच्या पत्रिकेवर लाँचचा उल्लेख मी स्वतः वाचलेला आहे.

डोंबिवली-ठाण्याच्या मंडळींसाठी एसटी प्रासंगिक करारावर, म्हणजे एका प्रवासापुरती अख्खी गाडी भाड्याने, घेतली. ही सोय किती जुनी आणि किती पक्की आहे, हे नव्या पिढीला कोणीतरी सांगायला हवं. आगार व्यवस्थापकांच्या नावे अर्ज द्यायचा, अनामत भरायची, आकार किलोमीटरप्रमाणे लागतो, आणि दिवसाला किमान किलोमीटरची अट असते. चालक प्रशिक्षित, गाडी तपासलेली, आणि वाटेत बिघडली तर जवळच्या आगाराकडे दाद मागता येते. आपल्याकडे वऱ्हाड एसटीनेच जायचं. पुढच्या काचेखाली नारळ फुटायचा आणि गाडी सुटायची. आता नवऱ्यामुलाचे मित्र म्हणतात, एसटी लग्नाला शोभत नाही. आमच्या गाडीत डोंबिवलीपासून अंताक्षरी चालू होती, पेणला उतरून सगळ्यांनी मिसळ खाल्ली आणि मांडवात पोचेपर्यंत दोन्हीकडच्या मंडळींची ओळखपाळख होऊन गेली होती. दहा वेगळ्या गाड्यांतून आलेल्या माणसांची ती होत नाही.

पुणेकरांना मात्र सतरा आसनी टेम्पो ट्रॅव्हलर दिली. द्रुतगती मार्गाने खोपोली, तिथून पेण. पहाटे साडेचारला कोथरूडहून निघायला त्यांनी कुरकुर केली खरी, पण आठच्या आत ते वडखळ ओलांडून पुढे आले होते.

मोठी बस वाडीत घालायची नाही, हा माझा पक्का नियम. एका लग्नात बाहेरगावच्या चालकाने पन्नास आसनी बस नकाशा सांगतो म्हणून गल्लीत घातली. पुढे आंब्याची फांदी, मागे वळण. बस ना पुढे ना मागे. शेवटी गावातल्या माणसांनी गडग्याचे दगड काढून तिला वाट दिली. गडगा ज्याचा होता त्या म्हाताऱ्याला भरपाई सोडा, साधं सॉरीही कोणी म्हटलं नाही. म्हणून बस मुख्य रस्त्यावरच थांबवायची आणि आतल्या दीड-दोन किलोमीटरसाठी गावातल्या मिनीडोर आणि रिक्षा ठरवायच्या. त्यांना गल्ली पाठ असते, समोरून गाय आली तरी कुठे दबायचं ते कळतं, आणि लग्नाचा पैसा थोडा तरी गावात राहतो. पण त्या आधी ठरवाव्या लागतात. रात्री दहानंतर नाक्यावर उभं राहून हात केला तर एकही मिळत नाही. आणि वाहन कितीही असलं तरी मांडवा धक्क्यावर एक ओळखीचा माणूस पाटी घेऊन उभा लागतोच. पाहुण्याकडे फोन असतो, पण समोर चार बस उभ्या असल्या की त्याला फोनपेक्षा माणूस हवा असतो.

रात्रीच्या परतीबद्दल थोडं कळकळीने लिहितो. शेवटची लाँच संध्याकाळीच सुटते. स्वागत समारंभ रात्री बाराला संपतो, आणि मग कोणीतरी खासगी स्पीडबोट ठरवू म्हणतो. कृपा करून तसं करू नका. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेवरून घारापुरीला निघालेल्या बोटीचं काय झालं ते सगळ्यांना आठवत असेल. भर दिवसाढवळ्या नौदलाची स्पीडबोट तिच्यावर आदळली आणि डझनभराहून जास्त माणसं गेली. दुसरी गोष्ट चालकांची. पाहुणे जेवतात, नाचतात, आणि चालक गाडीत पाय दुमडून पडलेला असतो. त्याला जेवण शेवटी मिळतं, कधी मिळतही नाही, आणि पहाटे तीनला त्यालाच कार्लेखिंड उतरवायची असते. किहीमला आम्ही चालकांसाठी शेजारच्या घरची पडवी मागून घेतली होती. पंखा, चटया, पिण्याचं पाणी, शेजारी न्हाणीघर. पहिल्या पंगतीला त्यांना बसवलं. सकाळी सहाच्या आत एकाही गाडीला सुटू दिलं नाही. ज्यांना रात्रीच जायचं होतं ते रागावले, पण मी ऐकलं नाही.

हे एका घरातलं झालं. प्रत्येक घरात निवृत्त वाहतूक नियंत्रक नसतो, म्हणून नियम हवा. लग्नात वाद्यं आणि ध्वनिक्षेपक लावायचा तर पोलिसांची परवानगी लागते. त्याच अर्जाला पाहुण्यांच्या वाहतुकीचा एक पानी तक्ता जोडायला लावा: वाहनं किती, कोणती, कोणत्या वाटेने, थांबणार कुठे, रात्री कोण कधी निघणार, आणि जबाबदार माणसाचा फोन नंबर. शंभरावर पाहुणे असतील तर तक्त्याशिवाय परवानगी नको. परीक्षेच्या काळात सकाळी नऊ ते अकरा लग्नाच्या गाड्या नाक्यावर नकोत, एवढी एक ओळ पोलिसांनी त्यावर लिहिली तरी मुलं अनवाणी पळणार नाहीत. लग्नासाठी जागा भाड्याने देणाऱ्यांवरही ग्रामपंचायतीने अट घालावी, की जितक्या गाड्यांना तुमच्या आवारात जागा आहे तितक्याच गाड्यांचं बुकिंग घ्या. काही जागामालक लॉनवर पाचशे माणसं बसतील अशी जाहिरात करतात आणि गाड्यांचा विषय निघाला की ‘बाहेर लागतात’ म्हणतात. बाहेर म्हणजे आमच्या दारात.

याला विरोध होणार हे मला ठाऊक आहे. या लग्नांवर गावातली पुष्कळ घरं चालतात. फुलवाले, केटररकडे वाढायला जाणाऱ्या बायका, खोल्या भाड्याने देणारे, मिनीडोरवाले. लग्नं बंद व्हावीत असं मी म्हणत नाही, माझ्या पुतण्याचंही पोट मांडवाच्या कामावर आहे. पण कोंडीला कंटाळून लोक दुसरीकडे जाऊ लागले, तर पहिला फटका याच घरांना बसेल. उरणहून खाडीवरून थेट अलिबाग तालुक्यात आणणारा रेवस-करंजा पूल झाला की सगळं सुटेल, असंही काहीजण म्हणतात. पूल होईल तेव्हा होवो. पुलावरून गाड्या आणखी येतील, आणि किहीमची गल्ली तेवढीच राहील.

एक विनंती आपल्याला. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतात, आणि पाहुण्यांच्या याद्या दिवाळीतच लिहिल्या जातात. हे पत्र छापायचं ठरवलंत तर त्याआधी छापावं. शेजारी एका चौकटीत जवळच्या आगारांत प्रासंगिक करारासाठी अर्ज कुठे करायचा आणि त्या हंगामातलं रो-रोचं वेळापत्रक दिलंत, तर वाचणाऱ्याला लगेच फोन उचलता येईल.

आपला नम्र,
एक निवृत्त वाहतूक नियंत्रक
चोंढी, ता. अलिबाग, जि. रायगड