कीटोवर पल्ला वाढतो, वेग नाही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीतला कीटो आहार (कर्बोदकं अगदी कमी, चरबी भरपूर) आणि मॅरेथॉनवरचा लेख वाचला. मी स्वतः कीटोवर लांब पल्ल्याचं धावते आणि हा आहार मला मानवला आहे. त्यामुळे लेखातलं बरंचसं ओळखीचं वाटलं. पण ‘शरीर चरबीवर चालू लागलं की धावपटू जास्त वेळ आणि जास्त वेगानं धावतो’ हे विधान खटकलं. जास्त वेळ, हे बऱ्याच अंशी खरं. जास्त वेगानं, हे खरं नाही. तेवढ्यावर विसंबून शर्यतीच्या तोंडावर कुणी आहार बदलू नये, म्हणून लिहिते आहे.

स्नायू आणि यकृत मिळून ग्लायकोजेनचा, म्हणजे शरीरानं साठवलेल्या कर्बोदकांचा, साठा साधारण ५०० ग्रॅम, म्हणजे दोनेक हजार किलोकॅलरी. सडपातळ माणसाच्या अंगावरही चरबीतली ऊर्जा याच्या कितीतरी पट असते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात २० अल्ट्रा-धावपटू (मॅरेथॉनहून लांब पल्ल्याचे) होते. त्यातले निम्मे दीर्घकाळ कमी कर्बोदकांवर राहिलेले. त्यांची चरबी जाळण्याची कमाल गती मिनिटाला सरासरी १.५४ ग्रॅम भरली, बाकीच्यांची ०.६७. मला याचा अनुभव लाँग रनला येतो. गप्पा मारता येतील अशा पेसनं धावताना तासन् तास काही खावंसं वाटत नाही. धावताना साखरेची जेल घेऊन माझं पोट हमखास ढवळायचं, ते थांबलं. माझ्यासाठी कीटोचा सगळ्यात मोठा फायदा हाच.

पण सोबतच्यांनी पेस वाढवला, किंवा चढ लागला, की माझा श्वास त्यांच्याआधी फुलतो. ‘अजून अ‍ॅडॅप्ट झाली नाहीस’ असं मला सांगितलं जातं. मला ते पटत नाही. एक लिटर ऑक्सिजन वापरून कर्बोदकं जाळली तर सुमारे ५ किलोकॅलरी मिळतात, चरबी जाळली तर सुमारे ४.७. सावकाश धावताना हा फरक जाणवत नाही, कारण हृदय आणि फुप्फुसं तेव्हा पूर्ण क्षमतेनं चाललेली नसतात. दहा किलोमीटर जीव तोडून धावताना मात्र ऑक्सिजन किती पुरवता येतो यावरच वेग ठरतो, आणि तिथे ही तूट लपत नाही.

ऑस्ट्रेलियातल्या क्रीडा-आहारतज्ज्ञ लुईस बर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये नेमकं हेच दाखवलं. जलद चालण्याच्या शर्यतीतले अव्वल खेळाडू तीन आठवडे कसून सराव करत होते. एरोबिक क्षमता (ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता) सगळ्याच गटांची वाढली. भरपूर कर्बोदकं खाणारे १० किलोमीटरच्या शर्यतीत सरासरी ६.६ टक्क्यांनी सुधारले, कीटोवरचे सुधारले नाहीत. पूर्वीच्याच वेगानं चालायला त्यांना जास्त ऑक्सिजन लागू लागला होता. तीन आठवडे थोडे झाले, हा आक्षेप मी नेहमी ऐकते, आणि चरबी जाळण्याच्या सवयीपुरता तो मलाही रास्त वाटतो. पण एका लिटरमागे मिळणारी ऊर्जा किती महिने कीटो केलं त्यावर ठरत नाही.

आपल्या लेखाचा भर कीटोवरच्या सायकलपटूंच्या १९८३ च्या प्रयोगावर आहे. ते सायकलपटू फक्त पाच होते, वेग मध्यम ठेवलेला होता, आणि थकेपर्यंतचा सरासरी वेळ टिकला तरी कुणाचा वेळ वाढला होता तर कुणाचा घटला होता. यातलं काहीच लेखात आलं नाही.

मीठही आलं नाही. कर्बोदकं तोडली की इन्सुलिन उतरतं आणि मूत्रपिंडं जास्त सोडियम बाहेर टाकतात. प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी साठलेलं असतं, तेही जातं. पहिल्या आठवड्यात काटा खाली येतो तो मुख्यतः यामुळे. अशा वेळी घाम गाळत धावलं की चक्कर येते, पाय जड होतात, आणि नवखा धावपटू मीठ न घेता नुसतं पाणीच पाणी पीत राहतो.

सगळ्यात जास्त काळजी मधुमेहींची वाटते. एम्पाग्लिफ्लोझिन, डापाग्लिफ्लोझिन अशा गटातल्या गोळ्या चालू असताना कीटो केलं, तर साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्त धोकादायक आम्लधर्मी होऊ शकतं. त्यात लांब धाव म्हणजे आणखी भर. ग्लुकोमीटरवरचा आकडा बरा दिसतो, म्हणून मळमळ आणि धाप हा थकवाच समजला जातो. इन्सुलिन घेणाऱ्यांची साखर एकदम खाली जाण्याची भीती वेगळीच. वजन आणि साखर आटोक्यात यावी म्हणून धावायला लागलेले कितीतरी जण हा लेख वाचणार, आणि त्यात डॉक्टरांना विचारा एवढं एक वाक्यही नाही.

पुढच्या पुरवणीत निदान औषधांबद्दलची ही सूचना ठळक चौकटीत छापावी, ही विनंती. वेगाबद्दलचा खुलासा त्यानंतर आला तरी चालेल.

आपली,
एक वाचक आणि धावपटू