निषेधपत्रे वाया जात नाहीत

संपादक महाशय,

फिलिपिन्स चीनला नुसती निषेधपत्रे धाडत बसतो, असा सूर आपल्या दैनिकातील लेखात होता. मालवाहू जहाजांवर नोकरी करताना दक्षिण चीन समुद्रातून माझे जाणे-येणे असे, त्यामुळे तो खटकला.

गप्प राहणे किती महाग पडते, याचे एक उदाहरण देतो. सिंगापूरच्या सामुद्रधुनीत पूर्वेकडून शिरताना हॉर्सबर्ग दीपगृह लागते. ते ज्या पेद्रा ब्रांका खडकावर उभे आहे, तो मलेशियातील जोहोरपासून जेमतेम 7.7 सागरी मैलांवर आणि सिंगापूरपासून 24. खडक मुळात जोहोरच्या सुलतानाचा. पण 1953 मध्ये सिंगापूरच्या वसाहत सरकारने विचारणा केली, तेव्हा जोहोरच्या प्रभारी सचिवाने ‘आमचा मालकीचा दावा नाही’ असे लेखी कळवून टाकले. पुढे सिंगापूरने तिथे निशाण फडकवले, लष्करी संपर्कयंत्रणा बसवली, आसपासच्या जहाज अपघातांच्या चौकश्या केल्या. मलेशियाने चकार शब्द काढला नाही. 2008 मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने खडक सिंगापूरचा ठरवला, त्यात हे पत्र आणि हे मौन दोन्ही मोजले गेले.

मनिला, म्हणजे फिलिपिन्स सरकार, नेमके हे मौनच टाळते आहे. दक्षिण चीन समुद्रातील मिस्चिफ रीफ हे प्रवाळ खडक 1995 मध्ये चीनने घेतले, 2012 मध्ये तिथलेच स्कारबरो शोलही हातचे गेले. जानेवारी 2013 मध्ये फिलिपिन्स सागरी कायद्याच्या कराराखाली लवादाकडे गेला. त्यांच्या वकिलांची हुशारी अशी, की बेटे कोणाची हे विचारलेच नाही. तो प्रश्न लवादाच्या कक्षेबाहेरचा. कोणत्या खडकाभोवती किती समुद्र मिळतो आणि जवळपास सगळ्या दक्षिण चीन समुद्रावर हक्क सांगणाऱ्या चीनच्या नऊ रेघांच्या नकाशाला कायद्यात आधार आहे का, हे विचारले. आधार नाही, असा निकाल 12 जुलै 2016 रोजी लागला. चीन सुनावणीला फिरकला नाही आणि निकालही मानत नाही.

फिलिपिन्सचे तेव्हाचे अध्यक्ष दुतेर्ते यांनी हा निकाल बराच काळ बासनात बांधून ठेवला. माझ्या मते ती वर्षे फुकट गेली. 2023 पासून मात्र फिलिपिन्सचे तटरक्षक दल पत्रकारांना जहाजांवर नेते, चिनी जहाजांनी केलेल्या पाण्याच्या माऱ्याच्या चित्रफिती जाहीर करते. आम्ही लॉगबुक (जहाजाची रोजची नोंदवही) लिहायचो ते काही कप्तानाला खूश करायला नव्हे. उद्या वाद उभा राहिला तर तेच पुढे करायचे असते.

निषेधपत्रांनी चिनी जहाजे हटत नाहीत, हे खरेच. त्या कामाला अमेरिकेबरोबरचा 1951 चा संरक्षण करार आहे, आता आपले ब्रह्मोसही आहे.

आणि भारत? बंगालच्या उपसागरातील वादाच्या सुमारे 25,600 चौरस किलोमीटरपैकी 19,467 लवादाने 2014 मध्ये बांगलादेशला दिले. आपण तो निकाल मानला. म्हणूनच फिलिपिन्सबरोबरच्या जून 2023 च्या संयुक्त निवेदनात ‘2016 चा निकाल पाळा’ असे म्हणताना दिल्लीला चाचरावे लागले नाही. लेखात याचा उल्लेख यायला हवा होता.

– एक निवृत्त जहाज अधिकारी