बी विंगमधल्या काकांना, स्पंजच्या मोठ्या तुकड्याबद्दल

आदरणीय काका,
सा. न.

तुमचं नाव इथे लिहीत नाही. लिहिलं तर लिफ्टमध्ये गाठून मला फैलावर घ्याल. समोर आभार मानायला जावं तर "अहो, त्यात काय एवढं" म्हणून तुम्ही विषय उडवून लावता. म्हणून हे जाहीर पत्र.

ज्या दुकानातून आम्ही टाकी, फिल्टर, गोल्डफिश असं सगळं घेतलं, तिथे पाणी गढूळ झाल्याची तक्रार नेली की काउंटरवर नवीन काहीतरी यायचं. आधी पाणी नितळ करणारी बाटली, मग निळं औषध, मग "फिल्टरच बदला मॅडम". सोबत सल्ला फुकट: सगळं पाणी उपसा, खडे उकळून काढा, स्पंज नळाखाली खसखसून धुवा. एकदा ही उपसाउपशी नेमकी गुरुवारी झाली, पाणी बंद असताना. शुक्रवारी 'उशिरा व कमी दाबाने' आलेलं पाणी स्वयंपाकाला ठेवायचं की माशांना, यावरून घरात जुंपली. एवढं करून पाणी जेमतेम एक दिवस लख्ख दिसायचं, की ये रे माझ्या मागल्या. दुसऱ्या एका दुकानदाराने तर मुलासमोरच सांगितलं, "हे जाणारच, दुसरे घ्या, स्वस्तात लावतो." पोराने घरी येईपर्यंत तोंड उघडलं नाही.

तुम्ही आला होतात मेंटेनन्सची पावती द्यायला. टाकीकडे लक्ष गेलं आणि पावती राहिली बाजूला. काचेच्या पेल्यात पाणी घेतलंत, मागे पावतीची कोरी बाजू धरलीत. "पांढरं आहे. हिरवं असतं तर शेवाळ म्हटलं असतं. ही जिवाणूंची झुंबड आहे." मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करत होते, त्याला आम्ही भूक समजून बसलो होतो. ते ऑक्सिजनसाठी वर येतायत, हे तुम्ही सांगितलंत आणि बाकी काही बोलायच्या आधी हवेचा पंप वाढवलात.

मग मुलाला शेजारी बसवून सगळं उलगडून सांगितलंत. माशांच्या विष्ठेतून, कल्ल्यांतून अमोनिया सुटतो. त्याचं नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करणारे जिवाणू खड्यांवर, स्पंजवर वस्ती करतात, आणि ती वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. दुकानदाराच्या कृपेने ती दरवेळी नळाच्या क्लोरीनखाली वाहून जात होती. "पाणी नितळ दिसलं म्हणजे माशांना सोसेल असं नाही," हे तुमचं वाक्य मुलाने वहीत लिहून ठेवलंय.

पण काका, मला आठवतं ते पुढचं. तुम्ही आम्हाला घरी नेलंत, स्वतःच्या चालू टाकीतला फिल्टर उघडलात आणि तपकिरी, बुळबुळीत, ठिबकणारा स्पंज कात्रीने कापलात. काप तिरका गेला. एक तुकडा मोठा, एक लहान. तुम्ही दोन्हींकडे पाहिलंत आणि मोठा तुकडा आमच्या डब्यात टाकलात, वर तुमच्याच टाकीतलं पाणी ओतलंत. मी "अहो, तुमचे मासे?" म्हटलं, तर म्हणालात, "त्यांना आठवडाभर कमी खायला घालीन. माझ्याकडे वर्षभर आजार नाही, म्हणून देतोय. नाहीतर कुणाच्या टाकीतलं असं घ्यायचं नाही."

घरी सासूबाई तो डबा बघून ओरडल्याच. मग सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे विरजण दिलंय की त्यांनी!" आम्हाला जे कळायला एवढा वेळ लागला, ते त्यांनी एका दमात संपवलं.

पाणी हळूहळू निवळलं. आता थोडंथोडंच बदलतो, तेही नव्या पाण्यातला क्लोरीन आधी घालवून, आणि स्पंज टाकीतून काढलेल्याच पाण्यात पिळतो. मासे ठणठणीत आहेत.

दुकानदाराने धंदा करू नये असं मी म्हणत नाही. पण "थांबा, काही घेऊ नका" हे सांगून कुणाचा गल्ला भरत नाही, आणि आमच्या टाकीला हवं होतं तेवढंच. तुम्हाला इतकं ठाऊक असून "एवढंही माहीत नव्हतं?" असं एकदाही म्हणाला नाहीत. या शहरात हे किती दुर्मीळ आहे, ते इथे राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. मेंटेनन्स उशिरा भरला म्हणून तुम्ही नोटीस बोर्डावर आमचा फ्लॅट नंबर लावला होतात, तो राग मी या पत्राने अधिकृतपणे सोडत आहे.

तुमचा डबा अजून आमच्याकडेच आहे. रिकामा द्यायचा नाही, आणि त्यात खायचं काही भरायला सासूबाई तयार नाहीत. तेव्हा रविवारी नवीन डब्यातून चिवडा घेऊन येतो. लिफ्ट बंद असली तरी येतो.

आपली,
ए विंगमधली, तिसरा मजला