खडकीत नावे, बसऱ्यात आकडे

संपादक महोदय,

कालच्या पुरवणीतला खडकीच्या युद्ध दफनभूमीवरचा लेख वाचला. शिवडीच्या दफनभूमीतून पहिल्या महायुद्धातल्या ६२९ सैनिकांचे अवशेष जुलै १९६२ मध्ये खडकीला हलवले, हे पुण्यातही फार थोड्यांना ठाऊक असेल. त्याबद्दल आभार. पण मरणानंतर सैनिकांत लहान-मोठा, गोरा-काळा असा भेद राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाने कधीच केला नाही, हे लेखातले वाक्य वाचून राहवले नाही.

खडकीची देखभाल करणाऱ्या याच आयोगाचे इराकमधल्या बसऱ्याला स्मारक आहे. १९२९ साली त्याचे अनावरण झाले. नोंद ४० हजारांवर मृतांची. गोऱ्या शिपायाचे नाव कोरले, हिंदी अधिकाऱ्याचेही कोरले. हिंदी शिपायांचा मात्र पलटणीखाली नुसता आकडा.

आमच्या आजोबांचे थोरले भाऊ पहिल्या महायुद्धात ११० व्या मराठा पलटणीतून मेसोपोटेमियाला, म्हणजे आजच्या इराकला, गेले. पलटण तिथल्या कुत शहराच्या वेढ्यात अडकली, एप्रिल १९१६ मध्ये शरणागती झाली आणि ते तुर्कांच्या कैदेत गेले. तिथून पुढे काहीच कळले नाही. मेल्याचा कागद हाती आला नाही म्हणून थोरल्या आजीने शेवटपर्यंत कुंकू पुसले नाही. गावच्या चावडीत सरकारने बसवलेली शिळा आहे, तिच्यावरही किती गेले आणि किती कामी आले एवढेच. वडिलांनी कचेऱ्यांना पत्रे लिहिली. एका ठिकाणाहून उत्तर आले की शिपाई नंबर कळवा, मग शोध घेऊ. तो नंबर मिळावा म्हणूनच तर पत्र लिहिले होते!

२०२१ साली आयोगाच्याच समितीने या वागणुकीमागे वर्णद्वेष होता असे लिहून दिले. आयोगाने माफी मागितली, ब्रिटिश संरक्षणमंत्र्यांनीही संसदेत मागितली. एवढ्या मोठ्या लेखात त्याला एक ओळ मिळू नये?

आणि लेखासोबतच्या छायाचित्राबद्दलही लिहितो. कबरीच्या शिळेला टेकून हसणारी मुले छापायला नको होती. खाली कोणाचा तरी मुलगा आहे.

१०३, १०५, ११० आणि ११७ या मराठा पलटणींतल्या मृतांची नावे मिळवून आपण पुरवणीत छापावीत, ही कळकळीची विनंती. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूरकडच्या कितीतरी घरांत ती शोधली जातील.

— एक वाचक, कोरेगाव (जि. सातारा)