अंतऱ्यातले चार स्वर

चि. सोनूस,

अनेक आशीर्वाद.

रविवारी रात्री फोनवर मी फक्त "ठेव, परत करू नकोस" एवढंच म्हणालो. परतीची मुदत मंगळवारी संपत होती आणि तुला लगेच उत्तर हवं होतं. पण तू घेतलेला बेस गिटारचा नवा अँप तू मला माझ्या बँडबरोबर नीट वाजवून बघायला सांगितलं होतंस आणि त्याची हकीकत सांगायची राहूनच गेली. शिवाय एक गोष्ट अशी आहे की ती फोनवर घाईघाईत बोलायची नव्हती. मामा शनिवारी गाडी घेऊन पुण्याला येतोय. अँप त्याच्याबरोबर पाठवतो आणि हे पत्र खोक्यात वरच ठेवतो.

गेल्या शनिवारी दुपारी खोकं उघडलं. जेमतेम चौदा किलो वजन! माझा जुना अँप तुला आठवत असेल. लॅमिंग्टन रोडवरून ट्रान्सफॉर्मर आणि पंधरा इंची स्पीकर आणून एका कारागिराकडून जमवून घेतलेला. शोला न्यायचा म्हणजे दोघांनी दोन बाजूंनी धरायचा. तुझा मी एकट्याने उचलून स्टुलावर ठेवला. बेस गिटार जोडली, लो म्हणजे खालच्या स्वरांचा नॉब वर केला, मिड म्हणजे मधल्यांचा खाली आणला आणि नुसती ई, सगळ्यात जाड तार, वाजवली. मांडणीतल्या ताटल्या थरथरल्या. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि म्हणाली, "हा आवाज पायातून येतोय." मी तासभर उठलो नाही. इतका गोल, इतका मऊ आवाज माझ्या बोटांतून कधी निघालाच नव्हता.

तोच आवाज घेऊन रविवारी प्रॅक्टिसला गेलो. सोसायटीचा हॉल तू पाहिलायस. खाली फरशी, कोऱ्या भिंती, पडदा एकही नाही. सवयीने अँप कोपऱ्यात जमिनीवर ठेवला. चालू केल्याबरोबर एक संथ गुरगुर सुरू झाली. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० कंपनांची, आणि ई तारेवर तिसऱ्या पट्टीला जो जी लागतो तो ४९चा, त्यामुळे ही गुरगुर जीसारखीच वाटते. एक्स्टेन्शन बोर्ड बघितला तर त्याला अर्थिंगच नव्हतं. दुसऱ्या बोर्डावर लावला आणि एकदम शांतता. हे मुद्दाम सांगतोय, कारण हॉस्टेलच्या बोर्डांचा मला भरवसा नाही. बोर्डात बसत नाही म्हणून प्लगची तिसरी पिन कुणी काढायला सांगितली तर ऐकायचं नाही. धातूच्या तारांवर तुझी बोटं असतात आणि ओठांसमोर माईक असतो, अर्थिंग नसेल तर शॉक बसू शकतो.

मग गाणं सुरू झालं आणि दुसऱ्याच आवर्तनात माझा बेस नाहीसा झाला.

नाहीसा म्हणजे आवाज होता, पण स्वर नव्हता. हॉलभर नुसतं घुमत होतं. मी आवाज वाढवला तर घुमणं वाढलं, लाल दिवा लुकलुकायला लागला, ड्रमवाल्या काकांच्या स्नेअर ड्रमच्या खालच्या तारा आपोआप खरखरायला लागल्या. की-बोर्डवाले काका म्हणाले, "काहीतरी वाजतंय, पण काय ते कळत नाही." ढोलकीची डावी पुडी, बेस ड्रम, काकांचा डावा हात आणि मी, सगळे त्याच खोल पाण्यात एकमेकांवर आदळत होतो. खरं सांगतो, त्या क्षणी मला वाटलं, पोरीचे पैसे वाया गेले.

आम्ही थांबलो. पहिलं काम म्हणजे अँप कोपऱ्यातून काढला. जमीन आणि दोन भिंती जिथे मिळतात तिथे खालचे स्वर फुगतात, आणि तेही सगळे सारखे नाही, एखादा फार आणि एखादा अजिबात नाही. मोकळ्या ई तारेची एक लहर आठ मीटरहून लांब असते, आमचा हॉल लांबीलाच सहा मीटर. मग अँप खुर्चीवर ठेवून मागे थोडा कलवला, म्हणजे त्याचं तोंड माझ्या गुडघ्यांकडे न राहता कानांकडे झालं. आणि मग ते केलं जे घरी करायचं मनातही आलं नसतं. लो खाली आणला आणि मिड वर नेला. घड्याळाच्या काट्यांसारखं धरलंस तर लो दहावर, मिड दोनवर. मिड कुठला उचलायचा त्यासाठी शेजारी वेगळा नॉब आहे, तो ५०० हर्ट्झच्या आसपास ठेवला. एकटं वाजवून पाहिलं तर आवाज कोरडा वाटला, थोडा नाकातला. मला तो आवडला नाही. पण सगळे वाजायला लागले आणि प्रत्येक स्वर मोत्यासारखा सुटा झाला.

हे का होतं ते तुला कळायलाच हवं. मोकळी ई ४१ हर्ट्झची. इतक्या खाली आपला कान मुळातच मंद असतो. पण त्या तारेतून ८२, १२३ असे वरचे स्वरही निघत असतात, आणि कान त्यांच्यावरूनच मूळ स्वर ओळखतो. लहानपणी आमच्याकडे हाताएवढा ट्रान्झिस्टर होता. त्यावर पंचमदांची गाणी लागली की टोनी वाझ यांचा बेस मला स्पष्ट ऐकू यायचा. तेवढ्याशा स्पीकरला ४१ हर्ट्झ काढणं शक्यच नव्हतं! मी ऐकत होतो ते वरचेच स्वर, खालचा माझा कान भरून काढत होता. घरी एकट्याने वाजवताना मी मिड उतरवून नेमके तेच खाली केले होते.

आता मुख्य गोष्ट. तिसरं गाणं आमच्या बँडमध्ये गाणाऱ्या मावशींचं, आम्ही १९९८ पासून करतोय ते. अंतरा संपून मुखड्याकडे येताना मी चार स्वर उतरत येतो. त्या दिवशीही वाजवले. मावशी गाता गाता मागे वळल्या. गाणं संपल्यावर म्हणाल्या, "हे आज नवीन बसवलंस का? मला ते धरून मुखड्यावर येता आलं." मी म्हटलं, "नाही हो, पहिल्यापासून हेच वाजवतोय." त्या बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या.

सोनू, गेल्या गणपतीत तुमच्या कार्यक्रमानंतर रिक्षात तू मला म्हणाली होतीस, "बाबा, माझं कुणाला ऐकूच आलं नाही." आणि मी म्हणालो होतो, "बेस ऐकायचा नसतो, जाणवायचा असतो. बंद पडला की लोकांना कळतं." तू खिडकीकडे तोंड केलंस आणि घरापर्यंत बोलली नाहीस. ते वाक्य मी मागे घेतो. इतकी वर्षं माझ्याकडे जो अँप होता त्यातून घुमण्यापलीकडे काही निघत नव्हतं, आणि मी त्यालाच बेसचा धर्म समजून बसलो. मग तोच तुला शिकवला. अरे, हे वाद्य जन्माला आलं तेच ऐकू यावं म्हणून! बँडचे आवाज वाढले आणि तो उभा, माणसाएवढा बेस त्यात बुडायला लागला, म्हणून १९५१ साली लिओ फेंडर यांनी पट्ट्या असलेला विजेवरचा बेस बाजारात आणला आणि पुढच्याच वर्षी त्याच्यासाठी अँप. तू त्या रात्री जे मागत होतीस ते बरोबर होतं. माझं चुकलं आणि तुला माझ्यामुळे वाईट वाटलं, याचं मला मनापासून दुःख आहे.

बाकी थोडं कामाचं. "शंभर वॅट पुरतील का?" असं विचारलं होतंस. प्रॅक्टिसला आणि लहान हॉलला पुरतात. दोनशे केले तरी आवाज ३ डेसिबलनेच वाढतो, कानाला जेमतेम कळेल एवढा. मोठ्या मैदानात अँपच्या मागच्या डीआयमधून, म्हणजे मिक्सरकडे आवाज नेणाऱ्या सॉकेटमधून, थेट साउंडवाल्याच्या मिक्सरला दे आणि अँप फक्त स्वतःला ऐकायला ठेव. जादा कॅबिनेट, म्हणजे बाहेरून जोडायचा स्पीकरचा खोका, आत्ता नको. कधी घेतलासच तर ८ ओहमचा घे, आतला ८ आणि बाहेरचा ८ मिळून ४ होतात आणि या अँपला त्याच्या खाली जायचं नाही. त्याला स्पीकरचीच केबल लागते, गिटारची लावू नकोस. तुमच्या की-बोर्डवाल्या मुलाला डावा हात हलका ठेवायला सांग, आमच्या काकांनी ठेवला आणि निम्मी गर्दी तिथेच कमी झाली. तू स्वतः उजवा हात ब्रिजकडे, जिथे तारा गिटारच्या अंगावर टेकतात तिकडे, दोन बोटं सरकवून बघ.

नॉबच्या बाजूला मी पांढऱ्या चिकटपट्टीचे तुकडे लावून माझ्या जागा दाखवल्यात. त्या आमच्या हॉलच्या आणि आमच्या माणसांच्या जागा आहेत. तुमच्या खोलीत सगळे वाजवत असतानाच नॉब फिरव, एकटी असताना नको, आणि तुझ्या जागा सापडल्या की माझ्या पट्ट्या काढून टाक.

आईने बेसनाचे लाडू दिलेत, मामाकडून डबा मागून घे. पहिल्या प्रॅक्टिसचं रेकॉर्डिंग पाठव. मी हेडफोन न लावता, फोनच्याच स्पीकरवर ऐकणार आहे.

तुझा,
बाबा